बफर बदलला की रायफल चालते, महिन्याभरात पुन्हा अडते: बिघाड शोधायचा कसा?

तो गृहस्थ एआर-१५ पद्धतीची रायफल घेऊन आला, तेव्हा सोबत एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत चार बफर, म्हणजे दस्त्यातल्या स्प्रिंगमध्ये बसणारी वजनं. तक्रार साधी वाटत होती. मॅगझिनमधलं शेवटचं काडतूस सुटल्यावर बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग, मागे अडकून राहायला हवा, तो राहत नव्हता. मधूनच रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकायची. पण खरी मेख पुढे होती. दर वेळी हलका बफर टाकला की त्रास थांबायचा आणि महिना-दीड महिन्यात परत यायचा.

धक्का सौम्य व्हावा म्हणून त्याने आधी सगळ्यात जड, एच३ बफर घेतला, तो पहिल्याच दिवशी नापास झाला. मग त्याहून हलका एच२ बसवला. महिनाभर झकास चालली आणि अडखळू लागली. मग आणखी हलका एच, पुन्हा तेच. मग सगळ्यात हलका, साधा कार्बाइन बफर. त्यानेही अडायला लागल्यावर स्प्रिंगचे दोन वेढे पक्कडीने कापले. आता बोल्ट मागे जायचा, पण परत येताना पुरता बंदच होईना. तेव्हा कुठे रायफल माझ्या टेबलावर आली.

हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते. म्हणून आधी बफर करतो काय ते बघू, कारण तो जे करत नाही त्याचीच अपेक्षा त्याच्याकडून जास्त केली जाते.

गोळी सुटते, नळीतला थोडा गॅस एका बारीक छिद्रातून गॅस ट्यूबमध्ये शिरतो, तिथून बोल्टला धरणाऱ्या कॅरियरच्या डोक्यावर बसवलेल्या गॅस की नावाच्या छोट्या नळीमध्ये आणि तिच्यातून कॅरियरच्या पोटात. कॅरियर मागे सरकतो, बोल्ट फिरून उघडतो, पुंगळी ओढली जाते, बाहेर फेकली जाते. कॅरियरच्या मागे बफर, बफरभोवती स्प्रिंग आणि हे सगळं दस्त्यातल्या बफर ट्यूबमध्ये. बफर ट्यूबच्या तळाला टेकतो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलते, कॅरियर जाता जाता नवं काडतूस उचलून चेंबरमध्ये घालतो.

म्हणजे बफर हे फक्त कॅरियरच्या वेगावरचं वजन आहे. पूर्ण कॅरियर बोल्टसकट साधारण सव्वातीनशे ग्रॅमचा. त्यात बफरचे ८५ ग्रॅम घातले काय नि १५५ घातले काय, फरक जाणवतोच. पण ढकलणारा गॅस तेवढाच राहतो. गॅस जास्त असेल तर जड बफर ते झाकतो, कमी असेल तर हलका बफर ते झाकतो. दोन्ही बाबतींत मूळ दुखणं जागच्या जागी राहतं, आणि वाढतं असेल तर झाकण पुरेनासं होतं. त्या गृहस्थाचं नेमकं हेच झालं होतं.

त्याचा कॅरियर उपसून उजेडात धरला. गॅस कीच्या बुडाशी, जिथे ती कॅरियरला टेकते तिथे, काजळीची बारीक काळी रेघ. की बोटाने हलवली तर किंचित हलली. दोन स्क्रू ढिले. कारखान्यातून येताना या स्क्रूंच्या कडेचं धातू ठोकून त्यांच्यावर दाबलेलं असायला हवं, म्हणजे ते सुटत नाहीत. इथे ते ठोकणं नावापुरतंच होतं. दर मॅगझिनमागे स्क्रू केसभर सैल होत होते आणि गॅस थोडा थोडा बाहेर गळत होता. हलका बफर टाकला की उरलेला गॅस काही दिवस पुरायचा. गळती वाढली की पुन्हा बोंब.

आधी बफरला हात न लावता तपासायच्या गोष्टी

रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. पुढचं सगळं त्यानंतर, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत.

गॅस की वर म्हटल्याप्रमाणे. ढिली निघाली तर जुने स्क्रू पुन्हा आवळू नका. नवे घाला, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसा, सुमारे ६ न्यूटन-मीटरला आवळा आणि नीट ठोकून घ्या.

गॅस रिंगा. बोल्टवर तीन असतात. बोल्ट पुढे ओढून कॅरियर बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभा करा. कॅरियर स्वतःच्या वजनाने खाली घसरला तर रिंगा झिजल्या. उभा राहिला तर ठीक. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या म्हणून गॅस गळतो, हा समज फार जुना आहे आणि त्यात दम नाही. त्या फटी फिरवत बसण्यात लोकांनी जितका वेळ घालवला, तेवढ्यात नव्या रिंगा घालून झाल्या असत्या.

गॅस ब्लॉक, म्हणजे नळीतला गॅस ट्यूबमध्ये वळवणारा ठोकळा. नळीवर तो जरासा पुढे-मागे किंवा तिरका सरकला असेल, तर त्याचं छिद्र नळीच्या छिद्रावर पुरतं येत नाही. ब्लॉकभोवती एका बाजूला काजळीचा फराटा दिसतो का ते बघा.

मॅगझिन. रिकामं मॅगझिन लावून बोल्ट हाताने पूर्ण मागे ओढा. हाताने ओढूनही तो अडकत नसेल, तर दोष मॅगझिनमधल्या काडतुसं वर ढकलणाऱ्या फॉलोअरचा किंवा बोल्ट मागे अडकवणाऱ्या खटक्याचा, म्हणजे बोल्ट कॅचचा. यात बफरचा काही संबंध नाही. दुसरं मॅगझिन लावून पाहायला अर्धं मिनिट लागतं, तरी ही पायरी बहुतेक जण सोडून देतात.

स्प्रिंग. बाहेर काढून टेबलावर मोकळी ठेवा आणि मोजा. कार्बाइन स्प्रिंगची मोकळी लांबी २५६ ते २८६ मिलिमीटरच्या दरम्यान हवी, वेढे ३७ ते ३९. रायफल लांबीच्या ट्यूबची स्प्रिंग २९८ ते ३४३ मिलिमीटर, वेढे ४१ ते ४३. खालच्या मर्यादेपेक्षा आखूड झालेली स्प्रिंग सरळ बदलायची. ताणून लांब करायची नाही, कापायची तर मुळीच नाही. कापलेल्या स्प्रिंगला मागे जाणारा कॅरियर सहज दाबतो, पण पुढे येताना काडतूस उचलून बोल्ट बंद करायची ताकदही तीच द्यायची असते, आणि ती उरत नाही.

गॅस कमी की जास्त?

इथे गल्लत फार होते, कारण एकच लक्षण दोन उलट कारणांनी दिसतं. शेवटच्या काडतुसानंतर बोल्ट न अडकणं हे गॅस कमी असल्याचं लक्षण म्हणून सगळ्यांना पाठ आहे. पण कॅरियर भलत्याच वेगात असेल तरीही तेच होतं. मॅगझिनचा फॉलोअर बोल्ट कॅचला वर ढकलेपर्यंत बोल्ट पुढे निघूनही गेलेला असतो. मॅगझिनच्या मध्येच बोल्ट पुढच्या काडतुसावरून घसरला तर तिथेही हीच शंका: कॅरियर पुरेसा मागे गेला नाही, की मॅगझिनची स्प्रिंग काडतूस वर आणण्याआधीच परत आला?

म्हणून पुंगळ्या बघा. रायफलच्या तोंडाची दिशा घड्याळातले १२ धरली, तर उजव्या हाताची रायफल साधारण ३ ते ४:३०च्या दिशेला पुंगळ्या टाकत असेल तर बरं चाललंय. १ किंवा २च्या दिशेला, लांब आणि जोरात जात असतील तर गॅस जास्त. ५च्या दिशेला, मरगळून पायाशी पडत असतील तर गॅस कमी. पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग आणि पुंगळी आपटते तो डिफ्लेक्टर यांचाही यात हात असतो, तेव्हा एकट्या दिशेवर निकाल देऊ नका. पुंगळी उचलून तिची कड बघा. पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्सट्रॅक्टरने कड ओरबाडली असेल, वाकवली असेल, तर बोल्ट दाब पुरता उतरायच्या आतच उघडतोय, म्हणजे गॅस जास्त. आवाज दाबणारा सप्रेसर लावलेल्या रायफलीत मागे येणारा दाब वाढतो, त्यामुळे तिथे हे चित्र हमखास दिसतं.

आणि मग एका काडतुसाची चाचणी. रेंजवर, मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, झाडा, बोल्ट अडकला का बघा. असं किमान पाच वेळा. जे काडतूस सगळ्यात मवाळ असेल ते वापरा, कारण जोरकस काडतुसावर जवळपास प्रत्येक रायफल पास होते. रायफल खांद्याला नेहमीसारखी घट्ट लावा. सैल धरलेली रायफल स्वतःच मागे सरकते आणि निकाल बिघडवते.

गॅस कमी निघाला, तर हलक्या बफरकडे धावण्याआधी वरची यादी पुन्हा तपासा. गॅस जास्त निघाला, तर जड बफर हा एक उपाय आहे, पण नळीवर समायोज्य, म्हणजे गॅस कमी-जास्त करता येणारा, गॅस ब्लॉक बसवणं हा त्याहून चांगला, असं माझं मत. गॅस आधी पूर्ण बंद करायचा, एकेक टिक उघडत जायचं, एका काडतुसावर बोल्ट अडकायला लागला की आणखी एक-दोन टिक सोडून थांबायचं. मळ आणि थंडी यांच्यासाठी ती सूट लागते.

बफरने गॅसची चूक सावरायचा खटाटोप नवा नाही. एआर-१५चा रचनाकार युजीन स्टोनर याच्या मूळ रचनेत बफर हलका होता. १९६४ साली अमेरिकी सैन्याच्या एम१६ काडतुसांत दाणेदार बॉल पावडर आली, तिने कॅरियरचा वेग वाढवला, गोळीबाराचा दर वाढला आणि अडण्याचं प्रमाणही. मग आतमध्ये सरकती वजनं असलेला जड बफर आणला गेला. आज आपण जो वापरतो तो त्याच घराण्यातला. त्यातली वजनं सुटी असतात, मध्ये रबरी चकत्या. कॅरियर पुढे येऊन आदळतो, तेव्हा ती वजनं क्षणभर उशिरा पुढे येतात आणि उसळी दाबून टाकतात. म्हणून बफर कानाशी धरून हलवला की खुळखुळ आवाज यायलाच हवा. आला नाही तर रबर तपासायला हवं. आला म्हणून "सैल झालाय" समजून फेकून देणारेही मी पाहिलेत.

कुठला बफर

कार्बाइन लांबीच्या बफरमध्ये तीन वजनं असतात. तिन्ही पोलादी असली तर साधा कार्बाइन, साधारण ८५ ग्रॅम. एकाजागी टंगस्टन आलं की एच, १०८ ग्रॅम. दोन टंगस्टन म्हणजे एच२, १३० च्या आसपास. तिन्ही टंगस्टन म्हणजे एच३, १५५ च्या आसपास. बनवणाऱ्यागणिक दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होतात, म्हणून छापलेल्या अक्षरापेक्षा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर विश्वास ठेवा. अनेक बफर उघडता येतात. मागच्या प्लास्टिकच्या टोकातली रोल पिन काढली की वजनं बाहेर येतात आणि अदलाबदल करता येते. मग चार बफर विकत घ्यायची गरजच राहत नाही.

नियम एवढाच की तुमच्या सगळ्यात मवाळ काडतुसावर, सगळ्यात थंड दिवशी, मळलेल्या रायफलीतही बोल्ट अडकवेल असा जास्तीत जास्त जड बफर. त्याहून जड नको. कारण जड वजन पुढे येताना नळीचं तोंड खाली डुचकवतं, आणि धक्का सौम्य लागूनही साइटचा लाल ठिपका लक्ष्यावर परत यायला उशीर करतो. धक्क्याची एकूण रक्कम बफरने कमी होत नाही. तो फक्त ती हप्त्यांत देतो.

वजनापेक्षा जास्त नुकसान लांबीच्या चुकीने होतं. तीन प्रकारच्या ट्यूब प्रचलित आहेत. कार्बाइन ट्यूबची आतली खोली सुमारे १७८ मिलिमीटर, बफर ८२.५. मधल्या ए५ पद्धतीत खोली सुमारे १९७, बफर १०१. रायफल ट्यूबची खोली सुमारे २४५, बफर १५०. तिन्हींमध्ये खोलीतून बफर वजा करा, उरतात ९५ मिलिमीटरच्या आसपास. कॅरियरला मागे जायला हवी असलेली जागा तेवढीच आहे. आता रायफल ट्यूबमध्ये कार्बाइन बफर घाला. जागा होते १६० च्या वर. बफर तळाला टेकायच्या आधीच कॅरियरवरची गॅस की रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलच्या सांगाड्याच्या, मागच्या भिंतीवर आदळते. काही गोळ्यांतच की वाकते आणि अॅल्युमिनियमच्या रिसीव्हरला भेग जाऊ शकते. उलट केलं, कार्बाइन ट्यूबमध्ये रायफल बफर, तर बोल्ट मागे जातच नाही, म्हणजे निदान नुकसान तरी नाही. ए५ ट्यूबमध्ये कार्बाइन बफर ही चूक सगळ्यात फसवी. फरक फक्त १९ मिलिमीटरचा असतो, हाताने ओढताना कळत नाही आणि झाडताना की आपटत राहते.

मिल-स्पेक (लष्करी मापाच्या) आणि कमर्शियल (बाजारी मापाच्या) ट्यूबचा घोळ मात्र विनाकारण घातला जातो. २९.२ आणि २९.७ मिलिमीटर हा बाहेरच्या व्यासाचा फरक आहे. दस्ता निवडताना तो बघायचा. बफर दोन्हीत तोच. मोठ्या ७.६२ काडतुसाच्या रायफलीत मात्र बफर दिसायला सारखा असूनही लांबी निराळी असू शकते, आणि ९ मिलिमीटरच्या ब्लोबॅक (गॅस ट्यूबशिवाय, पुंगळीच्या धक्क्यानेच चालणाऱ्या) कार्बाइनचा हिशेब तर पूर्ण वेगळा. तिथे यातलं काही लागू करू नका.

स्प्रिंग आणि बफर एकाच दांड्यावर बंदिस्त असलेली तयार प्रणालीही मिळते. ट्यूबला घासणारी स्प्रिंग नसल्याने कानाजवळचा तो खर्र-टिंग आवाज जातो, आणि वजनं-स्प्रिंगा बदलून बारीक जुळवणी करता येते. नेमबाजीच्या स्पर्धेसाठी छान. पण अडणाऱ्या रायफलीत ती औषध म्हणून घालू नका. आधी साध्या बफरवर रायफल सरळ चालवून घ्या.

बसवताना

वरचा भाग वेगळा करा. हॅमर मागे खेचलेला असू द्या, नाहीतर बफर बाहेर येताना त्याला अडतो. डोळ्यांना चष्मा. एका हाताने बफरच्या तोंडावर दाब ठेवून दुसऱ्या हाताने बफर अडवून धरणारी रिटेनर पिन खाली दाबा आणि बफर हळूहळू बाहेर येऊ द्या. स्प्रिंग दाबलेली असते. बेसावध राहिलात तर ती कपाटाखाली जाते किंवा कपाळावर येते.

ट्यूबच बदलत असाल तर तिच्या आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्या. ट्यूब फिरवत पुढे आणा, तिच्या तोंडाची खालची कड रिटेनर पिनच्या कडेवर येईपर्यंत. पिन वर उडून जाता कामा नये, पण बोटाने दाबल्यावर मोकळी खालीवर झाली पाहिजे. ट्यूब आणि रिसीव्हरच्या मधल्या एंड प्लेटच्या पुढच्या बाजूला, वरचा-खालचा भाग जोडणाऱ्या मागच्या टेकडाउन पिनची बारीक स्प्रिंग असते. ती वाकडी चेपली गेली की पिन कायमची अडकते, तेव्हा प्लेट सरकवताना घाई नको. ट्यूब घट्ट धरणाऱ्या कॅसल नटच्या मोठ्या खाचा मागे, लहान खाचा प्लेटकडे. ५४ न्यूटन-मीटरला आवळा आणि प्लेटचं धातू लहान खाचेत ठोका. ठोकण्याऐवजी थ्रेडलॉकर (आट्यांचा गोंद) लावून भागवणाऱ्यांची ट्यूब फिरलेली मी बघितली आहे. ट्यूब फिरली की रिटेनर पिन सुटते आणि ट्रिगरच्या यंत्रात जाऊन पडते.

मग स्प्रिंगला तेलाचा नुसता वास लागेल इतकं तेल, बफरवर चढवा, आत ढकला, पिन अडकवा. वरचा भाग बंद केल्यावर कॅरियरने बफरला पिनपासून किंचित मागे ढकललेलं असायला हवं. दर आदळीला बफर पिनवरच थांबत असेल तर पिन आज ना उद्या तुटणार.

नवी ट्यूब किंवा नवा बफर असेल तर झाडायच्या आधी एक तपासणी कराच. स्प्रिंग काढून नुसता बफर आत ठेवा. गॅस कीच्या मागच्या कडेवर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचा इवलासा तुकडा चिकटवा. रायफल बंद करून चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) पूर्ण मागे ओढा, पुन्हा उघडा. तुकडा पार चपटा होऊन धातूला धातू लागल्याची खूण असेल तर थांबा, लांबी चुकली आहे. दोन-तीन मिलिमीटर जाडी शिल्लक असेल तर बफर आधी टेकतोय, ठीक.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: कुठला बफर, कुठली स्प्रिंग, कुठलं काडतूस, पुंगळ्या कुठे पडल्या. बफर, स्प्रिंग आणि काडतूस एकाच दिवशी बदलून "आता बरी चालते" म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं.

त्या गृहस्थाच्या रायफलीत गॅस कीचे नवे स्क्रू, तीन नव्या रिंगा आणि न कापलेली नवी स्प्रिंग गेली. पहिल्यांदा साधा कार्बाइन बफर ठेवून झाडली. पुंगळ्या थेट १च्या दिशेला, दहा पावलांवर. म्हणजे गळती बंद झाल्यावर गॅस मुळात जास्तच होता, त्याचं पहिलं दुखणं खरं होतं. एच घातल्यावर अडीचच्या दिशेला आल्या. एच२ घातला, साडेतीनला स्थिरावल्या, सगळ्यात मवाळ काडतुसावर पाचपैकी पाच वेळा बोल्ट अडकला. एच३ वर पाचपैकी तीन. मग एच२ तसाच ठेवून पाच मॅगझिन झाडल्यावर कॅरियर पुन्हा काढला आणि गॅस कीचं बूड पांढऱ्या कपड्याने पुसून पाहिलं. कपडा स्वच्छ निघाला. उरलेले तीन बफर त्याने पिशवीत घातले आणि विचारलं, हे आता परत घेतील का कोणी.